आरी हातात घेण्याआधी: चप्पल-बूट दुरुस्ती शिकू पाहणाऱ्यांसाठी

ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला पुलाचा जिना उतरताना पूर्वी मला चार जण चपला-बूट शिवत बसलेले दिसायचे. समोर पत्र्याची पेटी, मांडीवर गोणपाट, बाजूला पाण्याचा डबा. आता तिथे एकच काका बसतात. आमच्या नौपाड्यातल्या गल्लीच्या टोकाची जागाही गेली, तिथे आता मोबाइलच्या कव्हरांची गाडी उभी असते. सरकारी कागदांत या माणसांना ‘गटई कामगार’ म्हणतात. त्यांच्याकडची विद्या पुस्तकात नाही, हातात आहे. ती शिकायची तर शिकवणारा हात अजून बसलेला आहे तोवरच शिकता येईल.

मी ती थोडी शिकले. दोन वर्षांपूर्वी जुलैत माझ्या बुटाचा सोल प्लॅटफॉर्मवरच सुटला. ज्या दुकानातून बूट घेतले होते तिथे उत्तर मिळालं, ‘मॅडम, हे रिपेअर होत नाहीत, नवीन घ्या.’ जिन्याखालच्या काकांनी तेच बूट वीस मिनिटांत शिवून दिले आणि ते आजही माझ्या पायात आहेत. त्यानंतर मी बरेच शनिवार त्यांच्याशेजारी बसले. नवख्या माणसाने कुठून सुरुवात करावी, काय घ्यावं, काय करून बघावं आणि कुठे हात लावू नये, हे त्या शनिवारांवरून लिहिते आहे.

आधी माणूस, मग हत्यारं

व्हिडिओ बघून सोल चिकटवता येतो. टाका नाही येत. आरी, म्हणजे टाका घालायची जाड सुई, किती दाबायची, दोरा किती ओढायचा हे हाताला कळावं लागतं, आणि त्यासाठी शेजारी कुणीतरी बसलेलं लागतं. आपल्या वस्तीतले गटई कामगार शोधा. ठाण्यात स्टेशन परिसर, वागळे इस्टेट, कळवा. खाडीपलीकडे वाशी, नेरूळची स्टेशनं आणि जुने सेक्टर बाजार, इथे अजून कुणी ना कुणी सापडतं.

सकाळी आठ ते दहा आणि संध्याकाळी सहानंतर त्यांच्याशी शिकण्याचं बोलू नका. ती त्यांची कमाईची वेळ. दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हा जा. पहिल्या दिवशी आपली एखादी चप्पल दुरुस्तीला द्या, पैसे विचारा आणि सांगतील तेवढे द्या. घासाघीस करू नका. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला विचारा, ‘काका, मला शिकवाल का?’ बहुतेक आधी हसतील. खरंच शिकायचंय हे पटलं की शिकवतील. त्यांच्या वेळेचे पैसे ठरवून द्या. मी तासाचे दोनशे देत होते. काका नको म्हणायचे, मी पेटीवर ठेवून यायची. शेजारी बसून तुम्ही त्यांचा कामाचा तास घेत असता, आणि तो फुकट घेण्याची आपल्याकडची सवय फार जुनी आहे.

हाक काका, दादा, मामा अशी मारा. जातीचं नाव हाक म्हणून कधीही नको. फोटो-व्हिडिओ विचारल्याशिवाय काढू नका. काकांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, ‘चेहरा नको, हात काढा.’ त्यामागचं कारण पुढे त्यांनीच सांगितलं. त्यांच्या मुलाला शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय लिहायला लागला की तो रडायचा. आज तो ऐरोलीला एका कंपनीत नोकरीला आहे आणि आरीला त्याने कधी हात लावलेला नाही. काकांना याचा अभिमान आहे.

हे नीट समजून घ्या. ‘पोरं बापाचा धंदा पुढे चालवत नाहीत’ म्हणून हळहळणारे लोक मला भेटतात. ज्या कामाबरोबर पिढ्यान् पिढ्या अपमान वाट्याला आला, ते काम मुलांनी सोडलं यात हळहळण्यासारखं काही नाही. हळहळ वाटत असेल तर ज्यांच्या घरात हे काम कधी कुणी केलं नाही त्यांनी आरी उचलावी. माझ्या घरात कुणी केलं नव्हतं. मी पहिल्यांदा रस्त्यावर बसून दुसऱ्याची चप्पल मांडीवर घेतली तेव्हा ओळखीच्या एक बाई पाहून न पाहिल्यासारखं करून गेल्या. तुमच्याही बाबतीत हे होईल.

पेटीत काय लागतं

मुख्य हत्यारं पाच. आरी म्हणजे लाकडी मुठीची जाड सुई, टोकाजवळ बारीक आकडी असलेली. ही आकडीच दोरा बाहेर ओढते. टोच्या म्हणजे आकडी नसलेली सरळ आरी, नुसतं भोक पाडायला. रापी म्हणजे चामडं कापायची रुंद पात्याची सुरी. रुंद तोंडाची हातोडी. आणि तीन पायांची लोखंडी ऐरण. तिचा प्रत्येक पाय वेगळ्या मापाच्या तळव्यासारखा असतो. हवा तो पाय वर करून त्यावर बूट उलटा चढवायचा, म्हणजे आत आधार मिळतो आणि ठोकलेली चूक, म्हणजे बारीक खिळा, आतून वळून बसते.

बाकी बारीकसारीक: पक्कड, काचकागद, मेणाचा गोळा, नायलॉन किंवा पॉलिस्टरचा पीळदार दोरा, निरनिराळ्या लांबीच्या चुका, सोल्यूशनचा, म्हणजे चिकटवायच्या गोंदाचा, छोटा डबा, जुन्या सायकलची ट्यूब. सुती दोरा घेऊ नका. ठाण्याच्या पावसात तो एका मोसमात कुजतो.

सुट्टं सामान घ्यायला मी कुर्ल्याला उतरून चेंबूरच्या ठक्कर बाप्पा कॉलनीत जाते. तिथे घरोघरी आणि गाळ्यांतून चपला-बूट बनतात, त्यामुळे सोल, टाचा, पट्टे, बकलं, सोल्यूशन सगळं जवळजवळ मिळतं. चामड्याचे तुकडे धारावीत वजनावर मिळतात. पहिल्या खेपेला सगळी पेटी भरू नका. आरी, दोरा, मेण आणि सोल्यूशन एवढ्यावर महिनाभर शिकता येतं.

जोडा वाचायला शिका

काका गिऱ्हाइकाच्या हातून चप्पल घेतात ती उलटी करूनच. मग टाच बघतात, मग दोन्ही हातांनी वाकवतात, मग शिवणीवरून अंगठा फिरवतात. तुम्हीही याच क्रमाने बघा.

टाचेची बाहेरची कड थोडी जास्त झिजलेली असणं बहुतेकांचं असतं, त्यात काळजीचं काही नाही. आतली कड खूप झिजली असेल तर माणूस पाऊल आत टाकून चालतो. तिथे नुसतं रबर लावून भागत नाही, थोड्याच दिवसांत पुन्हा तीच कड जाते. गिऱ्हाइकाला तसं सांगावं.

मग सोल कशाचा आहे ते ओळखा. नवा माणूस इथेच चुकतो. रबर जड, लवचिक आणि शिवायला उत्तम. टीपीआर रबरासारखंच दिसतं, पण गरम केलं की मऊ पडून चकाकतं. ईव्हीए म्हणजे हलका फोम, नखाने दाबला की खड्डा पडतो. आणि पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन. पीयूचा सोल हवेतल्या दमटपणाने आतून तुटत जातो. कपाटात जपून ठेवलेले, लग्नातले म्हणून न वापरलेले बूट पाच-सहा वर्षांनी बाहेर काढले आणि सोलचा चुरा हातात आला, असं घडतं ते यामुळे. खाडीकाठच्या आपल्या हवेत हे लवकर होतं. पीयू सोल कडेला नखाने खरवडून बघा. भुगा पडत असेल तर चिकटवू नका, शिवू नका. टाका धरणारच नाही. वरचा भाग चांगला असेल तर पूर्ण सोल बदलणं एवढाच उपाय आहे, आणि ते काम पहिल्या वर्षात तुमचं नव्हे.

ही विद्या मागे पडण्याचं एक कारण इथे हातात दिसतं. पूर्वीचा जोडा शिवलेला असायचा, म्हणून उसवून पुन्हा शिवता यायचा. आताचा बराचसा माल साच्यात ओतलेला किंवा नुसता चिकटवलेला असतो. कारागीर तोच आहे, त्याच्यासमोर येणारी वस्तू बदलली आहे.

टाका

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. जुना चामडी पट्टा घ्या, त्याचे वीतभर लांबीचे दोन तुकडे एकावर एक ठेवून चिकटवा आणि त्यावर सराव करा. बुटाला हात लावण्याआधी मी असे अकरा तुकडे शिवले.

शिवणीची जेवढी लांबी, त्याच्या चौपट-पाचपट दोरा कापा. मेणाच्या गोळ्यावरून तीन-चारदा ओढा, बोटाला किंचित चिकट लागला पाहिजे. मेणाने दोरा भोकात घट्ट बसतो आणि पाणी कमी पितो. अंतर सारखं यावं म्हणून घरातला काटा-चमचा घ्या आणि काट्याची टोकं चामड्यावर दाबत न्या. ठिपक्यांची सरळ ओळ मिळते. वरच्या कातड्याच्या शिवणीत तीन-चार मिलिमीटर, सोलच्या शिवणीत सहा-सात मिलिमीटर अंतर ठेवा. फार जवळ भोकं पाडली तर चामडं तिकिटासारखं त्या रेषेवर फाटतं. दुरुस्तीच्या कामात जुनी भोकं शाबूत असतील तर तीच वापरा.

पहिल्या भोकातून दोरा ओवून निम्मा बाहेर, निम्मा आत ठेवा. दुसऱ्या भोकात बाहेरून आरी घाला. डावा हात बुटाच्या आत असेल. त्या हाताने आतला दोरा आकडीत अडकवा आणि आरी मागे ओढा, म्हणजे दोऱ्याचा फासा बाहेर येईल. बाहेरच्या दोऱ्याचं टोक त्या फाशातून संपूर्ण ओढून घ्या. मग आतला आणि बाहेरचा, दोन्ही दोरे एकाच वेळी खेचा. दोन दोऱ्यांची अढी चामड्याच्या जाडीत मधोमध बसली की टाका झाला.

नवशिक्याची आरी मागे येताना चामड्यातच अडकते. त्याला उपाय दोन: आरी ओढताना पाव गिरकी फिरवा, आणि आकडीची पाठ भोकाच्या कडेला टेकवून ठेवा. तरी अडकली तर हिसका देऊ नका, आकडी मोडते. पुन्हा आत ढकलून दोरा नीट बसवा. आरी पुढे ढकलताना डाव्या हाताची बोटं तिच्या रेषेत कधीही नकोत. माझ्या तर्जनीवर त्याची खूण आहे.

अढी बाहेर दिसत असेल तर बाहेरचा दोरा जास्त खेचला गेला. अढी आतल्या बाजूला गेली असेल तर आतला जास्त खेचला. दोन्ही हातांचा जोर सारखा येईपर्यंत पट्टे शिवत राहा. माझा एक हात कायम जास्त ओढायचा. काका म्हणायचे, ‘श्वास सोडताना ओढा.’ हसू आलं होतं, पण खरंच फरक पडला.

शेवटी दोन भोकं मागे शिवत या, आतून दोन गाठी मारा, नायलॉनचं टोक काडीने जाळून गरम असतानाच रापीच्या पाठीने चपटं करा. ती गाठ पायाला टोचता कामा नये. सोलच्या खालून जाणाऱ्या शिवणीसाठी आधी रापीच्या टोकाने एक मिलिमीटरभर खाच काढा आणि दोरा त्या खाचेत बसवा. उघडा दोरा रस्त्यावर घासून महिन्याभरात जातो. खाच खोल गेली तर सोल तिथेच चिरतो, म्हणून हात हलका.

सोल चिकटवणं, आणि पावसाळा

नुसत्या सोल्यूशनवर विसंबू नका. चिकटवा आणि मग शिवा. आधी बूट धुऊन पंख्याखाली दोन दिवस वाळवा. उन्हात किंवा गॅसजवळ ठेवला तर चामडं तडकतं. सोल जिथे सुटलाय तिथला जुना डिंक खरवडून काढा. जुन्यावर नवं सोल्यूशन धरत नाही. घाईत केलेलं काम आठवड्यात परत येतं ते बहुधा यामुळे. दोन्ही बाजू काचकागदाने खरबरीत करा, धूळ पुसा.

सोल्यूशन दोन्ही बाजूंना पातळ लावा. चामडं आणि कापड पहिला हात पिऊन टाकतात, त्यांना दुसरा हात द्या. मग थांबा. कोरड्या दिवसांत दहा-पंधरा मिनिटं, पावसाळ्यात त्याहून जास्त. बोट टेकवल्यावर तार सुटली नाही पाहिजे, नुसतं चिकट लागलं पाहिजे. दमट हवेत सोल्यूशन वाळताना गार पडतं आणि त्यावर बाष्प धरतं. ते डोळ्यांना दिसत नाही, पण सोल उखडतो. म्हणून जून ते सप्टेंबर जोडण्याआधी मिनिटभर केस वाळवायच्या ड्रायरची गरम हवा द्या, आणि ती देण्याआधी डबा झाकण लावून लांब ठेवा. जोडताना एकदाच नीट बसवा. एकदा टेकलं की सरकत नाही. हातोडीने मधून कडेकडे ठोका. यात किती वेळ दाबून ठेवता यापेक्षा किती जोराने दाबता हे महत्त्वाचं. मग सायकलच्या ट्यूबची लांब पट्टी ताणून गुंडाळा आणि चोवीस तास हात लावू नका.

पीयू सोलला पीयूचंच सोल्यूशन लागतं. ईव्हीए आणि टीपीआरला आधी प्रायमर. दुकानात जाताना सोल बरोबर न्या आणि दाखवून मागा. खिडकी उघडी ठेवा, जवळ निरांजन, गॅस, उदबत्ती काही नको, लहान मुलं तर मुळीच नकोत. या वाफा डोकं जड करतात आणि पेट घेतात.

टाच आणि पट्टा

झिजलेल्या टाचेचं काम सोपं. जुनं रबर पकडीने उपटा, चुका काढा, पृष्ठभाग सपाट घासा, रबर शीटचा तुकडा थोडा मोठा कापून चिकटवा, चार-पाच चुका मारा आणि रापीने कडा उतरवा. या खिळ्यांची लांबी टाचेच्या जाडीपेक्षा थोडीच जास्त हवी. काम झाल्यावर आत हात फिरवा, एकही टोक लागता कामा नये.

पट्टा सुटला असेल तर तो सोलच्या थरांत जिथून निघालाय तिथलं तोंड उघडा, पट्ट्याचं टोक निदान बोटभर आत सरकवा, चिकटवा, चूक मारा आणि वरून दोन टाके घाला. लोकलमध्ये चढताना तुटणारे पट्टे बहुतेक टोक आखूड राहिल्यामुळे सुटलेले असतात.

कोल्हापुरीला सोल्यूशन नको

कोल्हापुरी चप्पल आली तर हात आवरा. ती चामड्याच्या वादीने, म्हणजे अरुंद पट्टीने, शिवलेली असते, अस्सल चपलेत खिळा नसतो. तिचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं असतं. तुटलेली वादी काढून तेवढ्याच रुंदीची नवी वादी किंचित ओलसर करून ओवायची, वाळली की ती आवळून बसते. भिजलेली चप्पल सावलीतच वाळवा आणि पावसात घालू नका असं गिऱ्हाइकाला सांगा.

कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन आहे. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून ते दिलेलं आहे. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने तशीच चप्पल दाखवली आणि आपल्याकडे मोठा गदारोळ झाला. त्या दिवसांत चप्पल बनवणाऱ्यांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं. ती शिवून शिवून दहा वर्षं चालवणाऱ्यांबद्दल मला कुठे वाचायला मिळालं नाही.

कागदपत्रांत मदत करा

शिकता शिकता तुम्ही आपल्या गुरूसाठी एक काम नक्की करू शकता. फॉर्म भरा. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा कारागिरी आहेत, त्यात चर्मकार आणि पादत्राणं बनवणारे येतात. पाच-सात दिवसांचं प्राथमिक प्रशिक्षण, त्या काळात दिवसाला ५०० रुपये, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत ई-व्हाउचर, आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, ते फेडल्यावर २ लाखांपर्यंत कर्ज. एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो आणि सरकारी नोकरीतल्या व्यक्तीच्या कुटुंबाला मिळत नाही. नोंदणी सामायिक सुविधा केंद्रावर होते. आधार, रेशनकार्ड, बँक पासबुक आणि आधारला जोडलेला मोबाइल बरोबर न्या. ठशाने आधार पडताळावं लागतं, आणि वर्षानुवर्षं दोरा ओढलेल्या बोटांचे ठसे यंत्राला लवकर कळत नाहीत. काकांच्या अंगठ्यासाठी आम्ही तीन खेपा घातल्या. हात कोमट पाण्याने धुऊन, थोडं तेल लावून पुसून गेलो तेव्हा ठसा उमटला.

राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची अनुसूचित जातीच्या गटई कामगारांना शंभर टक्के अनुदानावर पत्र्याचा स्टॉल देण्याची योजनाही आहे. अर्ज जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात करायचा. अडचण जागेची. स्टॉल मिळायला ती जागा स्थानिक संस्थेने दिलेली किंवा स्वतःच्या मालकीची असावी लागते, आणि शहरात फूटभर जागेचा कागद मिळवणं स्टॉलपेक्षा अवघड. तिथे अर्ज लिहायला, पोच घ्यायला, पाठपुरावा करायला शिकलेलं माणूस बरोबर असेल तर फरक पडतो.

पहिलं काम कुणाचं

स्वतःचंच. घरातला सर्वांत जुना, पण भुगा न पडणारा जोडा घ्या. एका बुटाचा सोल चिकटवून शिवा, दुसऱ्याचा मुद्दाम नुसता चिकटवा. दोन्ही आठ-पंधरा दिवस वापरा. ठाणे-वाशी लोकलमध्ये, बाजारात, साचलेल्या पाण्यात. कुठला कुठून उघडतो ते बघा. हत्यारं दर आठवड्याला गोडेतेलाच्या फडक्याने पुसून कोरड्या डब्यात ठेवा, आपल्या हवेत आरीला दोन दिवसांत गंज धरतो आणि गंजकी आरी दोरा कापते.

मग शिवलेला बूट घेऊन दुपारी काकांकडे जा. ते वरची शिलाई फारशी बघणार नाहीत. बूट उलटा करतील, वाकवतील, मग आत बोटं घालून एकेक टाका चाचपत पुढे जातील. जिथे त्यांचं बोट थांबेल तिथे खडूने खूण करून घ्या, तेवढा भाग तिथेच बसून उसवा आणि पुन्हा शिवा.